बिनदेण्याचा जामीन

"उधार बंद! आजपासून रोख मोजा, तांबं न्या!" असं म्हणत केवळशेटनं वखारीला कुलूप ठोकलं.

चंदनगडच्या तांबट आळीत सत्तावीस घरं. सगळ्यांचा रिवाज एकच. शेटकडून तांब्याचा पत्रा उधार आणायचा, हंडे-घागरी घडवायच्या, बाजारात विकायच्या आणि शेटचे पैसे व्याजासकट फेडायचे. तीन पिढ्यांत आळीनं एक पै बुडवली नव्हती. पण दूरच्या कुठल्याशा बंदरात कुणाची तरी पेढी बुडाली आणि इकडे केवळशेटनं धसका घेतला! त्या पेढीवाल्याचं तोंडही शेटनं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी यानं हात आखडला, आणि याचं बघून पेठेतल्या बाकीच्या सावकारांनीही आखडला. वखारीत तांबं छताला टेकलेलं, आणि आळीत भट्ट्या थंड! जिथं शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, तिथं आता माशी घोंगावली तरी ऐकू येई.

महिना असाच गेला. मग राजे भैरवसिंहांचा हुकूम आला. मुलीच्या लग्नासाठी तांब्याचे शंभर हंडे हवेत!

तांबटांनी हात जोडले. "सरकार, हात आहेत, हातोडे आहेत. तांबं नाही."

राजानं शेटला बोलावून घेतलं. शेट गळ्यातली पोवळ्यांची माळ चाचपत म्हणाला, "दिवस वाईट आलेत, महाराज! मी नाही कुठं म्हणतो? यांनी जामीन आणावा आणि तांबं न्यावं. मात्र त्या जामिनाच्या डोक्यावर कुणाचं एका पैचंही देणं नसावं."

राजा हट्टी, त्यातून हिशेबात कच्चा. त्याला अट भलतीच आवडली. "वा, चोख बोललात! आठ दिवसांत असा जामीन हजर करा. नाहीतर आळी रिकामी करा. आम्ही दुसरे तांबट आणून बसवू!"

गोंदाजी तांबटाची मुलगी तुळसा हे ऐकून फणफणत घरी आली. बघते तो म्हातारा हातोडे गोणीत भरतोय!

"बाबा, ठेवा ते खाली."

"अगं, बिनदेण्याचा माणूस मिळायचा कुठं?"

"शोधल्याशिवाय कसं कळेल?"

सात दिवस ती दारोदार फिरली. तेल्याचं देणं वाण्याकडे, वाण्याचं अडत्याकडे, अडत्याचं केवळशेटकडे. देवळातल्या पुजाऱ्यानंसुद्धा तेल्याचे बारा आणे थकवलेले! दिवाणजींनी तर प्रश्न ऐकताच दार लावून घेतलं. शेवटी हत्तीखान्यातल्या माहुतानं तिला एक गोष्ट सांगितली. राजाची मिरवायची चांदीची अंबारी केवळशेटच्या चाळीस हजारांतून आलेली, आणि त्यातला रुपयाही अजून फिटला नव्हता. महिन्याभरात तुळसा पहिल्यांदा हसली.

आठव्या दिवशी ती दरबारात शिरली. तिच्यामागून वेशीवर भीक मागणारा झिपऱ्या आला, अंगावर गोणपाट, हातात करवंटी.

"हा आमचा जामीन!" तुळसा म्हणाली. "याच्यावर कुणाचं काही देणं नाही. विचारा सगळ्या गावाला!"

दरबार खो-खो हसला. शेट तडकला. "पोरी, थट्टा करतेस? याच्याकडे फुटकी कवडी नाही!"

"म्हणून तर याला कुणी कर्ज दिलं नाही, शेटजी! तुमच्या अटीत बसणारा अख्ख्या चंदनगडात हा एकटाच निघाला. त्यात माझा काय दोष?"

"जामिनाला ऐपत नको?"

"ते तुम्ही तेव्हा कुठं म्हणालात?"

"आता म्हणतो! देणं नसावं, आणि ऐपत असावी!"

"सरकार, शेटजींनी अट वाढवलेली चालेल का?"

राजानं मान डोलावली. "चालेल, चालेल. ऐपत हवीच."

"मग चंदनगडात सगळ्यांत ऐपतदार कोण?" तुळसानं सिंहासनासमोर पदर पसरला. "सरकार, तुम्हीच आमचे जामीन व्हा!"

राजा खुलला. मिशीला पीळ देत म्हणाला, "झालो! काय शेटजी, आम्ही चालतो ना?"

शेटच्या कपाळावर घाम फुटला. भर दरबारात राजाला नाही म्हणायचं? तो माळ चाचपत म्हणाला, "चा... चालता की, महाराज! न चालायला काय झालं?"

"कारकूनसाहेब, लिहून घ्या!" तुळसा कडाडली. "महाराजांच्या डोक्यावर कुणाचं एका पैचंही देणं नाही, असं केवळशेटनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!"

"अरे, लिहू नका!" शेट किंचाळला. "माझे चाळीस हजार! ती अंबारी..."

"मग महाराज जामीन म्हणून चालत नाहीत?"

राजाची भुवई वर चढली. "आम्ही चालत नाही, शेटजी?"

"चालता! म्हणजे नाही... म्हणजे..." शेटची मान एकदा कारकुनाच्या बोरूकडे, एकदा राजाच्या भुवईकडे फिरली.

"चाळीस हजार बिनजामिनाचे दिलेत, तेव्हा नव्हती का ही अट?" तुळसानं विचारलं. "की ती फक्त फेडणाऱ्यांसाठी आहे?"

"अट मागं घेतली!" शेट कळवळून ओरडला. "जामीन नको, काही नको! आत्ता वखार उघडतो! पहिल्यासारखं उधार न्या, पण ते लिहू नका!"

राजा हसायला लागला. हसता हसता त्याचा मंदील डोळ्यांवर आला. त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून तुळसाच्या हातावर ठेवलं. "घे पोरी! आज आम्हाला आमची ऐपत कळली!"

तुळसानं मुजरा केला. "कडं घेते, सरकार. पण मुदपाकखान्यातल्या भांड्यांचे आळीचे तीन वर्षांचे पैसे राहिलेत, ते वेगळे हं!"

राजा असा गडगडून हसला की बाहेर हत्ती दचकले!

"दिवाणजी, आधी ते द्या!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि शंभर हंड्यांचे आगाऊ मोजा. नाहीतर ही उद्या आमच्यासाठीच जामीन मागायला यायची!"