डाव्या खांद्यावरचं ठिगळ

“मग पाणी शिरतं तरी कुठून, वस्ताद?”

रणधीर शेडगे हे तिसऱ्यांदा विचारत होता. लवू तांडेल मात्र चहात बुडवलेलं बिस्कीट मोडू न देता तोंडापर्यंत नेण्यात गुंतले होते.

बिस्कीट पोचलं. मग त्यांनी पडवीत पसरलेल्या ड्राय सूटकडे पाहिलं.

जाड काळ्या रबराचा, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध पोशाख. गळ्याला आणि मनगटांना घट्ट पट्ट्या, म्हणजे पाणबुड्या धरणाच्या गार तळाशी गेला तरी आतला माणूस कोरडा राहावा. बारा वर्षं लवूंनी तो वापरला. पाण्यातलं काम सोडलं त्या दिवशी त्यांनी तो रणधीरच्या हातात ठेवला, आणि साताऱ्याकडच्या या गड्याने तो प्रसादासारखा घेतला. त्यालाही आता पाच वर्षं झाली.

“तुका वला खंय लागता?”

“डाव्या पायाला. घोट्यापाशी साठतं. पंधरा मिनिटांत पाय बधिर.”

“आणि तू चिकटवलंस खंय?”

“डाव्या पायालाच. नऊ ठिकाणी.”

नऊ. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. पण लवू हसले नाहीत, कारण पोराचा चेहरा हसण्याजोगा नव्हता. धरणाच्या दाराचं काम चालू होतं. दोनदा तो खाली गेला आणि दोनदा अर्ध्यातून कुडकुडत वर आला. सोमवारी पुन्हा तसंच झालं तर त्याच्या जागी दुसरा उतरेल, असं मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

“तेंच्याकडे दुसरो सूट नाय?”

“आहे. घे म्हणाले. मी नाही म्हणालो. उतरेन तर वस्तादांच्याच सुटात.”

लवूंनी बशी खाली ठेवली. या बोलण्याचं त्यांना बरं वाटलं की नाही, ते कळलं नाही.

त्यांनी सुटाचा पाय मांडीवर घेतला आणि पहिलं ठिगळ दोन बोटांत धरून वाकवलं. कडेला बारीक भेग पडली.

“ह्या कित्यान चिकटवलंस?”

“झटपटवाल्या गोंदानं. चुटकीसरशी धरतो.”

“धरता. पण वाकणा नाय. माणूस गुडघो वाकवता, तेवा ह्या मोडता.”

“म्हणून मग हा मागवला.” रणधीरने पिशवीतून दुसरी ट्यूब काढली. तिच्यावरची बारीक अक्षरं त्याने पाठ केली होती, आणि ती त्याने म्हणूनही दाखवली. सुकल्यावर रबरासारखा मऊ राहतो. वाकला तरी तुटत नाही. पाण्याखाली काम करणारे जगभर हाच वापरतात.

लवूंनी झाकण उघडून वास घेतला. सायकलच्या पंक्चरवाल्याकडे येतो तसला, डोक्यात जाणारा वास.

“बरा आसा सोल्यूशन. आमच्याकडे असला नव्हता.”

रणधीरची मान जरा ताठ झाली. “मग गोंद बरोबर आहे. जागा साफ केली, घासली, दोन हात दिले. माझं काम चोख आहे, वस्ताद. तरी गळतं.”

“फेस लावन बघितलंस?”

“बघितलं. सगळीकडे.”

“परत बघूया.”

मनगटांच्या पट्ट्यांत दोन बाटल्या कोंबल्या. गळ्यात प्लास्टिकचा डबा उलटा बसवला. सायकलच्या पंपाने हवा भरली, तसा सूट हळूहळू फुगून पडवीत हातपाय पसरून पडला. लवूंनी बादलीत साबण घोळला आणि फडक्याने फेस लावायला सुरुवात केली. आधी पाय. मग गुडघे. पोट. पाठ.

एक बुडबुडा नाही.

“बघा,” रणधीर म्हणाला. त्यात तक्रार होती आणि थोडी शेखीही.

फडकं डाव्या खांद्याकडे सरकलं. तिथे तळहाताएवढं जुनं ठिगळ होतं, कडा जीर्ण झालेल्या. रणधीरचा हात आपसूक मध्ये आला.

“तिथं नको.”

“कित्याक?”

“ते... तुमचं आहे. ते नाही गळायचं.”

लवू त्याच्याकडे बघत राहिले.

“तू हंय फेस लावलंसच नाय?”

पाण्यात उतरताना रणधीर रोज त्या ठिगळाला हात लावून कपाळाला लावायचा. सगळ्या धरणावर ते माहीत होतं. वस्तादांच्या हातचं आहे, असं तो नव्या पोरांना अभिमानाने दाखवायचा. जिथे रोज नमस्कार करतो तिथे साबण कोण लावणार.

लवूंनी त्याचा हात बाजूला केला आणि फेस लावला.

ठिगळाच्या खालच्या कडेला एक बुडबुडा आला. मोठा झाला. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

“खांद्यात शिरता, पायात साठता,” लवू म्हणाले. “पाणीच ता. वरसून खाली जातला.”

रणधीरने डाव्या पायावरची ठिगळं एकदा पाहिली. नऊ ठिगळं, दोन ट्यूबा, तीन आठवड्यांची झोप. आणि भोक त्याच्या रोजच्या नमस्काराखाली.

“काढ ता,” लवू म्हणाले.

“माझ्यानं नाही व्हायचं, वस्ताद. तुमच्या हातचं...”

“माझ्या हातचा न्हय ता.”

रणधीरने मान वर केली.

“जेरोनाचा.”

जेरोन फर्नांडिसचं नाव रणधीरने ऐकलं होतं. लवू आणि जेरोन, एकाच गावचे, एकाच होडीवर वाढलेले. दोघांत मिळून हा एकच सूट. एक खाली जायचा, दुसरा वर दोरी धरायचा. तासाभराने अदलाबदल. जेरोन तापाने गेला त्याला आठ वर्षं झाली होती. ते ठिगळ त्याने शेवटच्या पावसाळ्याआधी लावलं होतं, याच पडवीत बसून.

लवूंनी सुरीचं टोक कडेखाली घातलं आणि ठिगळ सावकाश उचललं. जुनं सोल्यूशन तारा धरून सुटत गेलं.

खाली, वाळलेल्या पिवळट थरावर, सोल्यूशन सुकलं का पाहताना टेकलेला अंगठ्याचा ठसा होता. रेघ न् रेघ स्पष्ट. मध्ये एक आडवी चीर.

“तेचो अंगठो वल्ह्यान कापलो होतो,” लवू म्हणाले. “सातवीत आसताना.”

बाहेर माडांवरून वारा आला आणि गेला. लवूंना जेरोनची फार आठवण आली, आणि ती त्यांनी लपवली नाही. पंच्याच्या टोकाने डोळे पुसले आणि पुन्हा ठशाकडे बघत बसले.

“हे राहू द्या, वस्ताद,” रणधीर हळूच म्हणाला. “वरूनच लावू. मोठं ठिगळ लावू. हा आत तसाच राहील.”

“जुन्यावर नया धरणा नाय.”

“पण...”

“तुकाय म्हायत आसा.”

माहीत होतं. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत पहिली ओळ तीच होती. रणधीरला आत्ता ती नको होती.

लवूंनी चिंधी स्पिरिटमध्ये भिजवली. ठशावर धरली. हात क्षणभर तिथेच थांबला... मग गोल फिरू लागला. पिवळट थर मऊ झाला, गोळा झाला, निघाला. आडवी चीर सगळ्यात शेवटी गेली. खाली रबर निघालं, काळं आणि कोरं, आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक.

काचपेपर फिरला. सोल्यूशनचा पातळ हात सुटावर बसला, पातळ हात नव्या तुकड्यावर. लवूंनी दोन्ही बाजूला ठेवले.

“आता?”

“आता बसाचा. बोटाक चिकटणा नाय होयपर्यंत. मगे दुसरो हात. मगे परत बसाचा.”

“तोवर काय करायचं?”

“जेरोन गजाली सांगायचो.”

आणि लवू सांगत बसले. सूट बदलताना दुसऱ्याला आतली ऊब आयती मिळायची, त्यावरून पहिलं कोण उतरणार याची रोज भांडणं व्हायची. घट्ट पट्ट्यांतून हात सरकावेत म्हणून जेरोन मनगटांना लावायला आईची गुलाबाची पावडर पळवून आणायचा, आणि मग दोघांच्याही अंगाला लग्नघरासारखा वास. एकदा तो तळाशी वीस मिनिटं गप्प. दोरी हलेना, लवूंचा जीव वरखाली. ओढून काढला तर म्हणे, खाली फार शांत होतं, तुझी बडबड नव्हती. हे सांगताना लवू इतके हसले की त्यांना ठसका लागला. रणधीरही हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

उन्हं पडवीतून अंगणात सरकली, मध्ये दुसरा हातही देऊन झाला. लवूंनी बोटाची मागची बाजू सोल्यूशनला लावून पाहिली. चिकटली नाही.

“जाला.”

रणधीरने नवा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि वस्तादांपुढे धरला.

“तुम्हीच लावा. तुमचा अंगठा पडू दे त्यावर. सोमवारी उतरताना मला...”

बोलता बोलता तो थांबला, कारण लवूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

हातात तुकडा, समोर कोरं रबर. शेवटी त्याने तुकडा नेमका बसवला आणि त्यावर स्वतःचा अंगठा टेकवला. हलकाच, परवानगी मागावी तसा.

“दाब,” लवू म्हणाले. “जीव लावन दाब. आणि उद्या कोण तुझा ह्या उचकटूक इलो, तर तेका आडवू नको.”