फरशीची साक्ष

तान्हूबाई गवळण राजवाड्यात घसरून पडली, तिचं कोपर मोडलं, आणि वर गुन्हेगार ठरली तीच!

त्याचं असं झालं. चंदनगडच्या राजे हैबतरावांनी वाड्यात नवा दर्पणमहाल बांधला होता. काळ्याभोर दगडाची फरशी, रोज सकाळी धुऊन वर खोबरेल तेलाचा हात. राजेसाहेब खाली वाकून तिच्यात आपल्या मिशा पाहायचे आणि खूश व्हायचे. त्या दिवशी मुदपाकखान्याचं मागचं दार बंद होतं. पहारेकरी म्हणाला, "जा महालातून." तान्हूबाई डोक्यावर दुधाची घागर घेऊन निघाली, आणि महालाच्या मधोमध धाडकन आडवी झाली!

आवाज ऐकून दिवाण त्र्यंबकपंत धावत आले. आले ते थेट फरशीवर वाकले.

"अरे देवा! ओरखडा तर नाही ना पडला?"

"पंत, माझा हात..." तान्हूबाई कळवळली.

"हाताचं काय घेऊन बसलीस? राजेसाहेबांच्या फरशीवर दूध सांडलंस! तुझी म्हैस जप्त!"

तान्हूबाईची सून गिरजा मोठी तिखट. तिने सासूला आधी हाडवैद्याकडे नेलं आणि कोपर बांधून घेतलं. दोघी घरी येतात तोच दिवाणांचा कारकून लाडवांचं ताट घेऊन हजर!

"पंतांनी पाठवलेत. म्हातारीला भोवळ आली म्हणून ती आपणहून पडली, एवढ्या मजकुराखाली अंगठा उठवा. म्हैस वाचेल."

"आत्याबाई, तुम्हाला भोवळ आली होती का हो?" गिरजाने विचारलं.

"छे गं! पाय सटकला माझा!"

"मग लाडू ठेवून जा भाऊ. अंगठा काही मिळायचा नाही."

कारकून ताटासकट परत गेला. गिरजा मात्र तशीच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, फरशी निसरडी आहे. हात त्यापायी मोडला. सासूबाईंच्या औषधपाण्याचं आणि बुडालेल्या धंद्याचं वाड्याने बघावं. आणि आमच्या म्हशीला हात लावू नये."

राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "माझी फरशी? निसरडी? पंत!"

"शांतं पापम्!" दिवाणांनी कानाला हात लावले. "इतकी सुखाची फरशी तिन्ही लोकांत नसेल, सरकार!"

"झोप येते तिच्यावर चालताना," सेनापती म्हणाले.

"माझे तर गुडघे बरे झाले त्या फरशीने," राजवैद्यांनी सांगितलं. दरबारातल्या एकूण एक माणसाने शपथ घेतली.

राजेसाहेब हसले. "ऐकलंस ना पोरी? माझ्या बाजूने सारा दरबार, तुझ्या बाजूने एक सासू. आता एकच वाट आहे. फरशीलाच साक्ष द्यायला लाव! उद्या सकाळी ती बोलली तर तुझं खरं. नाही बोलली तर म्हैस माझ्या गोठ्यात!"

दरबारी खदखदून हसले. गिरजाने पदर खोचला. "बोलेल, महाराज. पण साक्षीदार जड आहे, इथवर चालत यायचा नाही. दरबारालाच तिच्याकडे यावं लागेल. फरशी धुऊन तेलाचा हात झाला, की लगेच या."

दुसऱ्या दिवशी अख्खा दरबार महालाच्या दारात गोळा झाला. फरशी नुसती लखलखत होती.

"काल ज्यांनी शपथ घेतली," गिरजा म्हणाली, "त्यांनी फक्त या दारातून त्या दारापर्यंत जायचं, आणि जाता जाता कालचंच बोलायचं."

दरबाऱ्यांचे चेहरे उतरले. पण राजे बघत होते! दिवाणांनी हळूच जोडे काढून काखेत मारले आणि भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटून सरकू लागले. "इतकी सुखाची फरशी... अगं आई गं... तिन्ही लोकांत नसेल!" सेनापतींनी तलवारीची काठी केली. राजवैद्यांनी सेनापतींचा शेला मुठीत धरला. "माझे गुडघे... अहो, हळू!... बरे झाले!" शास्त्रीबुवा तर सरळ खालीच बसले आणि बसल्या बसल्या पुढे सरकू लागले. कोणी विचारलं तर म्हणाले, "आमचं आसन चाललंय!"

"महाराज, ऐकताय ना?" गिरजाने विचारलं. "फरशी बोलायला लागली!"

"मला तर काही ऐकू येत नाही."

"ती यांच्या पायांतून बोलतेय. काल हे तोंडाने बोलले, आज पायांनी. तोंडाला दरबारातून पगार मिळतो, महाराज. पायांना मिळत नाही, म्हणून ते खरं बोलतात!"

दिवाण भिंतीवरूनच ओरडले, "पण सरकार, आम्ही जपून चालतो! त्या बाईनेही जपून चालायला हवं होतं!"

"म्हणजे ती निसरडी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं तर!" गिरजा गर्रकन वळली. "ठाऊक होतं म्हणून तुम्ही भिंत धरलीत. मग ठाऊक असूनही डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला दारातच का नाही कुणी सांगितलं? उलट तुमचाच पहारेकरी म्हणाला, जा महालातून! सासूबाईंचा तेवढा पाय घसरला, पंत. तुमची तर जीभच घसरली!"

राजे हैबतराव आधी गालात हसले, मग मोठ्याने हसले. हसता हसता तोल गेला तशी त्यांनी चटकन दाराची चौकट घट्ट धरली.

"आली! सरकारांचीही साक्ष आली!" गिरजाने टाळी वाजवली.

मग मात्र राजेसाहेब पोट धरून हसले. दुसरा हात चौकटीवरच होता!

"हरलो, पोरी! हाडवैद्याचं सगळं माझ्याकडे लागलं. सासूबाईंचा हात बरा होईस्तोवर त्यांच्या दुधाचे पैसे वाड्यातून रोज घरपोच जातील. आणि तुला इनाम म्हणून माझ्या गोठ्यातली हवी ती दुभती म्हैस!"

"आणि फरशीचं काय, महाराज?"

"तिच्यावर आजच काथ्याच्या चटया पडतील. पंत स्वतः अंथरतील!" राजे भिंतीकडे वळले. "ऐकलंत ना, पंत? चला, या इकडे."

"येतो, सरकार," दिवाण केविलवाण्या आवाजात म्हणाले, "पण आधी कुणीतरी हात द्या हो!"