चार बोटं वर

"पण हँडल वर घेतल्यावर तिला ती गाडी म्हणायची का, उस्ताद?"

रणधीर आवटीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. विकू नगं, हँडल वर घिऊ, असं त्यांनी त्याला कालच सांगितलं होतं.

मिरजेतल्या त्या गॅरेजच्या दारात गाडी उभी होती. लाल, बारीक कमरेची, शर्यतीची मोटारसायकल. हँडल इतकं खाली की चालवणाऱ्यानं टाकीवर पालथं पडायचं. रणधीर अठरा वर्षं असा पालथा पडत आला होता. आधी शर्यतींत, आणि मग बियाण्यांचं दुकान सांभाळून दर रविवारी.

आता तो पंचेचाळीसचा झाला होता. वीस किलोमीटर झाले की हातांना मुंग्या यायच्या आणि पाठ धरायची. हे कबूल कोण करणार? रविवारच्या मित्रांना तो चार महिने सांगत होता, गाडी बिघडली आहे. शेवटी त्यानं ती विकायलाच काढली. आज पाच वाजता सांगलीचा एक माणूस ती न्यायला घरी येणार होता.

"मित्र काय म्हणतील ठाऊक आहे? वाघाला म्हशीची शिंगं लावली."

"म्हस दूध देती," उस्ताद म्हणाले.

रणधीरला हसू येत होतं, ते त्यानं दाबलं. तो भांडायच्या तयारीनं आला होता.

"तुम्हीच शिकवलंत ना? हनुवटी टाकीला लाव, मान वर काढू नको. काढली की ओरडायचात."

"व्हय. ओरडायचो."

"मग?"

"तवा तुला वाऱ्याच्या म्होरं जायचं हुतं. आता कुठं जायचंय?"

रणधीरनं टाकीवरची धूळ बोटानं पुसली.

खरं तर त्याला कुठंच जायचं नव्हतं. नुसतं जायचं होतं. पण हे म्हणायची लाज वाटली, आणि लाज लपवायला त्यानं जुनं भांडण काढलं.

"शिकवलंत खरं. पण तीन वर्षं खंडोबाच्या माळाच्या रस्त्यावर रोज सकाळी सराव केला मी. एक दिवस बघायला आला नाहीत. जिंकलो तेव्हासुद्धा बरं केलंस म्हणाला नाहीत."

हे मनात इतकं साठलं होतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

उस्तादांनी शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"बस गाडीवर."

रणधीर बसला आणि सवयीनं वाकला.

"वाकू नगं. ताठ बस. डोळं मीट."

त्यानं मिटले.

"आता हात म्होरं कर. आन सोड. जिथं त्यास्नी ऱ्हावंसं वाटंल तिथं ऱ्हाऊ दे."

हात पुढं गेले. जरा तरंगले, हळूहळू खाली आले... आणि टेकले. गरम, खरखरीत काहीतरी होतं खाली.

रणधीरनं डोळे उघडले.

पुढचं चाक गुडघ्यांत धरून उस्ताद समोर उभे होते, आणि त्याचे हात त्यांच्या मुठींवर होते. पंचाहत्तर वर्षांच्या मुठी, ऑइलच्या काळ्या रेघा मुरलेल्या.

"लागतंय कुठं?"

"नाही."

"पाठ?"

"नाही."

"मनगाट?"

"नाही हो, उस्ताद..."

"मग हितं हाय तुझं हँडल. मी धरून ऱ्हायलोय, तू मोज."

रणधीरनं जुनं हँडल आणि त्या मुठी यांच्यामध्ये बोटं घातली. बरोबर चार बोटं. मोजून झालं तरी उस्ताद तसेच उभे होते, आणि ह्यानंही दुसरा हात काढला नाही. या माणसाचा हात आपण यापूर्वी कधी धरला होता, हे त्याला आठवेना.

साडेचार वाजेपर्यंत काम चाललं. दोन बाजूंचे दोन दांडे निघाले, त्यांच्या जागी एक सलग हँडल चढलं. क्लचची जुनी केबल आता पुरेना, ब्रेकचा पाइपही पुरेना. उस्तादांनी दोन्ही लांब घातले. मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. कुठं ताण पडत नव्हता.

खरं सांगायचं तर गाडी जरा बावळट दिसत होती. फोटोसाठी ताठ बसवलेल्या नवरदेवासारखी.

"माळाच्या रस्त्यानं एक चक्कर मारून ये," उस्ताद म्हणाले.

"पाचला माणूस येणार आहे."

"यिऊ दे की."

रणधीर निघाला. फोन स्टुलावरच राहिला.

पहिले दोन किलोमीटर वाईट गेले. भाजी आणायला निघाल्यासारखं वाटत होतं, आणि सगळी मिरज आपल्याकडेच बघते आहे असंही. वारा सरळ छातीवर येत होता. माळाचा रस्ता लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हात काहीच बोलत नाहीत. मुंग्या नाहीत, कळ नाही.

मग त्यानं मान वर केली.

द्राक्षांच्या बागा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेल्या होत्या. एका गच्चीवर शेवया वाळत होत्या आणि राखणीला बसलेली म्हातारी डुलक्या घेत होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं कारण नसताना हात केला. रणधीरनंही केला. पुढं तो मोठ्यानं गाऊ लागला. आवाज भसाडा होता, पण हेल्मेटच्या आत तो एकटाच ऐकणारा होता. एक चक्कर संपली, तेव्हा त्यानं दुसरी मारली.

तो परतला तेव्हा गॅरेजातल्या घड्याळात पावणेसहा झाले होते. ते बघून त्याला पाच वाजता काय होतं ते आठवलं.

"फोन आलता," उस्ताद म्हणाले. "गाडी कुठं हाय इचारत हुता."

"काय सांगितलंत?"

"रस्त्यावर हाय म्हणालो."

रणधीर पोट धरून हसला. चार महिन्यांत तो असा हसला नव्हता. हसता हसताच त्यानं सांगलीच्या माणसाला फोन लावला, माफी मागितली आणि गाडी विकत नाही असं सांगून टाकलं. रविवारी मित्रांपुढं शिंगं मिरवत जायचं, हेही त्यानं मनाशी ठरवलं.

मग स्टूल ओढून तो उस्तादांजवळ बसला. त्याला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं.

"आणि उस्ताद, त्या ओढ्याच्या वळणावर चिंचेखाली एक दगड आहे. चांगला सपाट, मुद्दाम बसायला आणून ठेवल्यासारखा. तिथून सगळा रस्ता दिसतो. इतकी वर्षं तिथून गेलो, आज दिसला मला."

उस्तादांनी पाना उचलला. तो स्वच्छच होता, तरी ते पुसत राहिले...

"मीच नेऊन ठिवलाय त्यो," ते म्हणाले. "रोज हात करायचो तुला."