आठ हाडांचं गाणं

“मग आणखी काय यायला हवं, सर?”

हेरंब निगुडकरनं हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात मिजास होती. असायचीच. शरीररचनेत तो आमच्या वर्गात पहिला आला होता, आणि नव्या मुलांना हाडं शिकवायचं काम आपल्यालाच मिळावं म्हणून महिनाभर शेजवलकर सरांच्या मागं लागला होता.

सरांनी टेबलावर एक कापडी पिशवी रिकामी केली. मनगटाची आठ हाडं, खड्यांएवढी.

“लाव.”

हेरंबनं गाणं म्हणत लावली.

“सखू लाडकी, ताटात पोळी, तिखट तोंडी, काकडी हिरवी.”

आठ शब्द, आठ हाडं. शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून हाडाचं नाव आठवायचं. गाणं त्यानंच रचलेलं. त्या गाण्यावर आमचं अख्खं हॉस्टेल पास झालं होतं. मीसुद्धा!

सर खुदकन हसले.

“वा! सखू झकास आहे. पुन्हा म्हण.”

त्यानं पुन्हा म्हटलं. सरही त्याच्याबरोबर म्हणाले, पार काकडीपर्यंत.

“मग शिकवू ना मी?”

सरांनी हाडं पिशवीत भरली, नाडी ओढली, शर्टाची बाही वर केली आणि आपला उजवा हात टेबलावर ठेवला.

“आता इथं म्हण. एकेका शब्दाला एकेक हाड दाबत जा.”

हेरंबला हसू आलं. त्यानं अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं आणि दाबलं.

“सखू...”

सरांचा चेहरा होता तसाच होता. फक्त बोटं किंचित आखडली.

हेरंब थांबला.

“हं, पुढं?”

हेरंब त्या आखडलेल्या बोटांकडे बघत होता.

“विसरलास?”

“नाही, सर.” त्यानं बोट उचललं होतं. मग दोन्ही हातांनी ते मनगट धरलं, हलकेच, तान्ह्या बाळाचं धरावं तसं. “इथं दुखतंय तुम्हाला. कधीपासून?”

“वर्ष झालं,” सर म्हणाले.

वर्षभर त्याच हातानं ते फळ्यावर आकृत्या काढत होते. आम्ही साठ जण समोर बसून त्या उतरवून घेत होतो. एकालाही कळलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि त्या मिजासखोराचं, खरं सांगतो, फार कौतुक वाटलं.

सरांनी हात सोडवून घेतला नाही.

“सोमवारी नव्या मुलांचा पहिला तास आहे,” ते म्हणाले. “तू घे. आणि सुरुवात सखूपासूनच कर.”