दोन कड्यांचा दोर

त्या राज्यातली वाळू शांत बसत नसे. तिच्यातून सदोदित बारीक, न दिसणाऱ्या सुया उडत. त्या कुणी पेरल्या नव्हत्या, कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. किनारा मुळातच तसा होता. तिथे खेकडे राहत, आणि त्यांचं ठाम मत होतं की वाळू टोचते म्हणूनच आपण इतके तरतरीत आहोत.

प्रत्येक बिळाच्या छताला शेहेचाळीस दोर टांगलेले असत. दोरांवर गाठी आणि गाठींत सगळी अक्कल: पाय किती, डोळे कुठे, तिरकं कसं चालायचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोरांवरून नांगी फिरवी आणि गाठ सांगेल तसं होत जाई. वाळूच्या सुया मात्र दिवसभर हे दोर तोडत.

त्यावर खेकड्यांचा एक रिवाज होता. सूर्य मावळायच्या आत बिळात एकही मोकळं टोक दिसता कामा नये. दिसलं तर चारचौघांत नाचक्की. म्हणून घरोघर सांधेकरी येई आणि तुटलेलं टोक हाती लागेल त्या टोकाला बांधून मोकळा होई. एका घराण्यात चालण्याचा दोर शिंकण्याच्या दोराला लागला. तेव्हापासून ती मंडळी दर आठ पावलांना शिंकत. पुढे त्याचाच त्यांना असा काही तोरा चढला की न शिंकणाऱ्या घरात ती सोयरीक करीनात. आता बोला!

गोदू कुर्लीच्या बिळात एका दुपारी दोन दोर एकदम तुटले. प्रत्येक दोराला मधे एक कडी असते. सांधेकरी बाबलकाकांना जेवायची घाई होती. त्यांनी कडीवाले दोन तुकडे एकमेकांना बांधले आणि बिनकडीचे दोन एकमेकांना. बिनकडीचा दोर पुढे पिल्लांना वाटता येत नाही, तो वाया गेला; पण त्यावर शेपटाच्या गाठी होत्या. खेकड्याला शेपूट हवंय कशाला, म्हणून कुणी हळहळलं नाही. पण कवच घट्ट करायची गाठ दुसऱ्या दोरावर होती, आणि तीही नेमकी दोन कड्यांच्या मधे.

"काका, याला दोन कड्या झाल्या की हो!" गोदू म्हणाली.

"मग बरंच झालं. मोकळं टोक दिसतंय का कुठे?"

"नाही. पण सोडून पुन्हा बांधा ना."

"सोडली गाठ, की टोक दिसणार. लोक काय म्हणतील?" असं म्हणून काका जेवायला गेले.

 गोदूच्या पोटाखाली अंडी होती. अंडी फुटायच्या दिवशी दोरांची वाटणी होते. शेजारीपाजारी दोन बाजूंना उभे राहून कडी दोन्हीकडून ओढतात, कडी मधोमध फाकते आणि एका दोराचे दोन होतात, एक आईचा, एक पिल्लांचा. पण कड्याच दोन असल्या, तर या बाजूचे एकीला धरणार आणि त्या बाजूचे दुसरीला. मधल्या गाठीचं काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. आणि मऊ पाठीची पिल्लं बाहेर पडली की कावळ्यांची पंगत ठरलेली.

त्याच सुमारास थंड विहिरींच्या मुलखातून मोजणीदार अनंतराव कासव आले होते. टोचऱ्या वाळूवर राहणाऱ्यांचे दोर जास्त तुटतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी तीन महिने घरोघर दोर तपासले आणि जाहीर केलं, की सरासरी पाहता किनाऱ्यावरच्या आणि विहिरीतल्या दोरांत म्हणण्यासारखा फरक नाही. किनाऱ्यावर मिरवणूक निघाली. शिंकणारी मंडळी सर्वांत पुढे होती.

गोदू मिरवणूक ओलांडून त्यांच्यापाशी गेली.

"साहेब, वाटणीच्या दिवशी माझा दोन कड्यांचा दोर तुटेल का हो?"

"बाई, किनाऱ्याचा दोर विहिरीतल्यापेक्षा जास्त तुटणार नाही. अगदी खात्रीने सांगतो."

"आणि माझा?"

अनंतरावांनी बराच वेळ कागद चाळले. ते मनाने वाईट नव्हते. "तुमचा असा वेगळा दोर यात येत नाही. तुम्ही सरासरीत आहात."

"कावळा सरासरीची पिल्लं खात नाही का?"

यावर त्यांनी मान आत घेतली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर काढली नाही.

वाटणीच्या दिवशी चव्वेचाळीस दोर सुरळीत फाकले. मग दोन कड्यांच्या दोराची पाळी आली. या बाजूच्यांनी ओढलं, त्या बाजूच्यांनीही ओढलं, आणि दोन्हीकडे मंडळी जोरकस. मधली गाठ फाटकन तुटून उडाली. दोन मोकळी टोकं सगळ्यांसमोर लोंबू लागली. शेजाऱ्यांनी लाजेने डोळे आत ओढून घेतले. बाबलकाका टोकाला टोक भिडवायला धावले, पण ती पोचेनात. गाठीएवढी जागा कमी पडत होती.

तिकडे अंडी फुटायला लागली. गोदू पुढे झाली. एक टोक तिने एका नांगीत धरलं, दुसरं दुसऱ्या नांगीत, आणि पाय रोवून ताणून उभी राहिली.

अनंतराव शेवटची पाहणी करायला आले. मोकळं टोक कुठेच दिसेना. त्यांनी समाधानाने कागदावर लिहिलं: दोर अखंड. गोदूचं सगळं बळ पकडीत होतं.

पिल्लं दोरावरून नांग्या फिरवत येत होती. गाठीच्या जागी आईची पाठ लागली की तीही चाचपत, आणि त्यांच्या पाठी एकेक करून घट्ट होत. एक पिल्लू मधेच थांबलं. आईच्या पाठीवर वाळूच्या सुईने पाडलेली एक चीर होती. त्यावरून त्याने नांगी अगदी नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. त्याच्या कोवळ्या पाठीवर तसलीच चीर उमटली, आणि ते पुढच्या दोराकडे गेलं.