घाई झालेला चिरा

समुद्राकाठच्या देवळाची भिंत अजून उभी राहायची होती, तेव्हाची ही गोष्ट. खाणीतून जांभ्या दगडाचा एक तांबूस चिरा निघाला आणि समुद्र पाहून हरखून गेला.

"मला आजच भिंतीत बसायचंय! अगदी वर! येणारी प्रत्येक होडी मीच आधी बघणार!"

शेजारी वर्षभर उघड्यावर पडलेला काळपट चिरा म्हणाला, "आपण खाणीतून मऊ निघतो रे. एक पावसाळा, एक उन्हाळा अंगावर घे, टणक हो, मग बोल."

"उन्हापावसानं दगड झिजतो, एवढं कळतं मला," म्हणत तांबूस चिरा उतारावरून घरंगळला आणि तयार चिऱ्यांच्या ढिगात जाऊन बसला.

भागोजी गवंडी एकेका चिऱ्यावर कुऱ्हाड मारून बघत होता. काळपट चिऱ्यावरून ती खणकन उडाली. तांबूस चिऱ्यात मात्र खरवसात सुरी जावी तशी रुतली.

"तुझ्यावर भिंत उभी केली, तर देवळासकट कोसळेल," भागोजी म्हणाला आणि त्याने चिरा उचलून बाहेर उघड्यावर टाकला.

पाऊस झाला, ऊन झालं. वर्षानं दीपमाळेचं काम निघालं. भागोजीनं त्याच चिऱ्यावर पुन्हा कुऱ्हाड मारली, तेव्हा तिचीच धार बोथटली. भागोजी खूश झाला. "हा सगळ्यात खाली घ्या रे. अख्खी दीपमाळ पेलेल."

तिथून समुद्र दिसत नाही. पण रोज संध्याकाळी तो चिरा उत्साहानं वरच्या चिऱ्यांना विचारतो, "आज किती होड्या आल्या रे?"