भागू कासारणीने लांडगा दाखवला

कन्हेरगडच्या राजाने सहाशे कुलपं घडवायला टाकली. चोरांसाठी नव्हे, गावातल्या पोरींसाठी! झालं असं, की कुणीतरी खेळणी देऊन लेकरांना एकटं बोलवायचा, नको तसा हात लावायचा आणि वर धाक घालायचा, की घरी सांगाल तर तुम्हीच मार खाल. एक पोर रडत घरी आली, पण नाव सांगेना. राजाने तोड काढली, सोमवारपासून पोरी घरात आणि दाराला कुलूप. या तोडग्यावर सगळ्यांत आधी मान डोलावली ती तात्यासाहेबांनी. हे गावातले मोठे दानशूर.

भागू कासारीण घरोघर बांगड्या भरायची. तिची नात नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. आता तिची शाळा सुटणार, म्हणून भागू दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, लांडगा मोकळा आणि शेरडं कोंडायची, हा कुठला न्याय?"

राजा चिडला. मग तूच सोमवारपर्यंत लांडगा दाखव, म्हणाला. पण एकाही लेकराला विचारायचं नाही, एकालाही दरबारात उभं करायचं नाही. दरबार खुदकन हसला. भागू बरं म्हणाली.

बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो. उठून जाता येत नाही, ऐकूनच घ्यावं लागतं. तेवढ्या वेळात भागूने प्रत्येक आईला एकच सांगितलं. जेवायला बसलात, की नवरा-बायकोने आपली लहानपणी लपवलेली एक चूक पोरांसमोर सांगायची. मग पोर काहीही बोललं, तरी आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही.

कुंभाराने कबूल केलं, की बापाचं चाक आपणच मोडलं आणि आळ बकरीवर घातला. पोरं पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी पोरं बोलू लागली.

सोमवारी पाच घरचे आईबाप दरबारात आले. एकेकाला वेगळं विचारलं, तर पाचांनी एकच नाव घेतलं, एकच कोठी सांगितली. शिपाई गेले आणि तात्यासाहेबांच्या कोठीतून खेळण्यांचं पोतं घेऊन आले. तात्यासाहेब बेड्यांत गेले.

राजा म्हणाला, "विचारायचं नाही, असं ठरलं होतं."

"विचारलं कुणी, महाराज? मोठ्यांनी आपलं सांगितलं, लेकरांनी आपलं. त्यात कुंभाराचा मुलगाही होता. मुलांसाठी तर तुम्ही कुलूपच केलं नव्हतं."

"मग आधी का नाही बोलली पोरं?"

"घरी सांगाल तर मार खाल, हे त्या मेल्याचं एवढंच बोलणं खरं होतं. ते आम्ही खोटं केलं."

राजा हळूच म्हणाला, आता मलाही राजकन्येसमोर लहानपणची एखादी चूक आठवावी लागणार.

"लहानपणचीच हवी असं नाही, महाराज," भागू म्हणाली. "ताजी असली तरी चालते."

दरबाराने श्वास रोखला. राजा मात्र पगडी घसरेपर्यंत हसला, आणि शाळेच्या दाराशेजारी भागूला बांगड्यांचं दुकान बांधून दिलं.